ही जत्रा कुणाची?

तसं म्हटलं तर माझा धंदाच जत्रा उभारण्याचा आहे. राहतो आखातात, अल कुसैसला, आणि रोज जातो अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे मेळ्यांचे आणि प्रदर्शनांचे स्टॉल बनतात. लोखंडी फ्रेम, प्लायवूड, वर थर्माकोल कापून केलेली नक्षी, त्यावर रंगाचे दोन हात. आठ दिवसांत किल्ला, पंधरा दिवसांत राजवाडा. मी सुपरवायझर. त्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. कुठल्याही भिंतीपाशी गेलो की बोटाच्या पेरानं ठोकून बघतो. पोकळ वाजली की जिवाला बरं वाटतं. बायको म्हणते, "अहो, लोक बघतायत." बघू देत की. त्यांच्या बापाची भिंत आहे का?

तर अशा माणसाकडे गेल्या जानेवारीत वडील आले, व्हिजिट व्हिसावर, पहिल्यांदाच. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आई गेल्यापासून मी दरवर्षी बोलवायचो आणि ते दरवर्षी बैलांचं कारण सांगायचे. या वेळी एका फोनमध्ये हो म्हणाले. दादा कशासाठी येतायत हे मला पक्कं ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

ते कळायचं तर आमच्या गावची जत्रा सांगायला हवी. सातारा जिल्ह्यातलं माळावरचं गाव, चैत्रात भैरवनाथाची जत्रा. पालखीच्या पुढे सासनकाठी चालते. दोन-तीन माणसं एकावर एक उभी केली तरी टोक सापडणार नाही असा उंच बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेली माणसं, आणि मधे कमरेच्या शेल्यात बुडखा धरून ती तोलत नाचवणारा एकच गडी. तो गडी आमच्या घरातला. थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा मान. पणजोबा, आजोबा, मग दादा. आमच्या घरच्या माणसानं हात लावल्याशिवाय काठी उठत नाही आणि काठी उठल्याशिवाय पालखी हलत नाही, देव ताटकळला तरी चालेल. दादांचे गुडघे गेले तेव्हापासून ते नुसता हात लावतात आणि काठी तोलतो माझा चुलतभाऊ, धाकट्या पातीचा. मी दोनदा नाचवली आहे, कॉलेजात असताना. मग इकडे आलो.

जत्रा पडते एप्रिलात. इकडे आपल्या शाळांचं नवं वर्ष एप्रिललाच सुरू होतं, आणि आमच्या वर्कशॉपला तेव्हा सीझन संपल्यामुळे पाडापाडीची घाई. पहिल्या दहा वर्षांत चार जत्रा केल्या, पुढच्या दहा वर्षांत एकही नाही. दादा दर फाल्गुनात फोन करायचे. "येतोस का?" मी म्हणायचो, "बघू." आमच्या घरात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दादा म्हणायचे, "बघ." खलास. पुढचं वर्षभर दोघंही तो विषय काढत नसू.

आता ते समोरासमोर विचारणार. काठी घेतोस की सोडतोस, एकदाचं सांग. माझं उत्तर ठरलेलं होतं. नाही. नाही जमणार, दादा. पोरीची अकरावी आहे, माझी पाठ दुखते, पाडापाडीची घाई असते. अल क्वोजहून घरी येताना गाडीत मी हे रोज मोठ्यानं म्हणायचो, सिग्नलला शेजारच्या गाडीतला बघायचा आणि मी गाणं म्हणतोय असं दाखवायचो. पण घरी येऊन दादांसमोर बसलो की जीभ टाळ्याला चिकटायची. मग मी एक युक्ती काढली. दादांना एकटं भेटायचंच नाही. सुट्टी आली की जत्रा दाखवायला न्यायचं. इथे हिवाळ्यात जत्रांना काय तोटा! प्रत्येक एमिरेटची आपली आपली. गर्दीत कोण काठीचा विषय काढणार?

पहिली दाखवली ती शहराबाहेरची, हिवाळाभर चालणारी, देशादेशांचे मांडव असलेली. त्यातल्या एका देशाची कमान आमच्याच वर्कशॉपमध्ये झाली होती. ती दादांना दाखवायची मला फार हौस होती. पण गेटवरच घोळ. सिक्युरिटीच्या मशीनमधून दादांची कापडी पिशवी गेली आणि आत काहीतरी गोल गोल दिसलं. पिशवी उघडली तर नारळ! सोललेला, शेंडी राखलेला.

"दादा, हे काय?"

"आता लेका, जत्रंला चाललूय तर नारळ नगं?"

पिशवीत उदबत्तीचा पुडाही होता. कुसैसच्या दुकानातून त्यांनी सकाळी एकट्यानं जाऊन आणला होता. गार्ड केरळचा निघाला. त्यानं नारळाकडे पाहिलं, दादांच्या टोपीकडे पाहिलं आणि हसून पिशवी परत दिली, फक्त उदबत्त्या ठेवून घेतल्या. मी उगाचच त्याच्यावर खेकसलो. लाज दादांची वाटत होती की त्या गार्डसमोर माझी मलाच, कोण जाणे.

आत गेल्यावर दादांनी पहिला प्रश्न विचारला. "ही जत्रा कुणाची?"

"कुणाची म्हणजे? सगळ्या देशांची."

"तसं न्हवं. आपली नाथाची असती, पलीकडच्या गावची बिरोबाची असती. ही कुणाची?"

मी म्हणालो, "सरकारची." दादांनी मान हलवली, पण नारळ काही पिशवीतून बाहेर काढला नाही. सरकारला नारळ कुठे फोडायचा? दोन तास ते चालता चालता इकडेतिकडे बघत होते. मला वाटलं, टॉयलेट शोधतायत. ते देऊळ शोधत होते. एकदा म्हणाले, "पालखी कवा निघती?" मी म्हणालो, "आठ वाजता परेड असते." त्यावर ते जरा खूश झाले. मग परेड आली, कागदाचे ड्रॅगन आणि चाकांच्या बुटांवरच्या पोरी, आणि दादांनी सवयीनं टोपी काढून हात जोडले. माझी मुलगी, सोळा वर्षांची, इथेच वाढलेली, ती हसून लोळायची बाकी राहिली. "आजोबा, दे आर जस्ट डान्सर्स!"

तिला आजोबांना तुर्की आइस्क्रीमवाल्याकडे न्यायचं होतं. तो लांब दांड्याला कोन लावून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि लगेच ओढून घेतो, पुन्हा देतो, पुन्हा ओढतो, हा त्याचा खेळ. दादांना हे कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा कोन हातातून गेला ते त्यांनी सोसलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "दिऊ नगंस जा! भीक मागाय आलूय व्हय तुझ्याकडं?" आणि तरातरा निघाले. मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, आय वॉज जस्ट ट्राइंग टू..." मी तिला म्हटलं, जाऊ दे, तुझी चूक नाही. चूक कुणाची होती मग? त्या बिचाऱ्या तुर्काची तर नव्हतीच.

आमची कमान मी शेवटी दाखवली. दोन मोठे घुमट, मधे महिरप, लांबून बघाल तर दगडच. दादांनी मान वर करून बराच वेळ बघितली. मग पुढे होऊन बोटानं ठोकली. माझ्यासारखीच! ही खोड मला कुठून लागली ते त्या दिवशी समजलं.

"पोकळ हाय की रं."

"मग काय दगडाची बांधणार? मार्च संपला की पाडायची असते."

"तूच बांधायची आन् तूच पाडायची?"

"हो."

"बरं हाय," दादा म्हणाले. यात चांगलं म्हटलं की वाईट, मला अजून उलगडलेलं नाही. नारळ तसाच घरी आला. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली.

दुसरी जत्रा अबू धाबीकडची, वाळवंटातली, उंटांची. तिकडे खलिफा सिटीला माझा एक मित्र राहतो, त्यानं पास दिले. मित्राला सोबत घेतलं, म्हणजे पुन्हा दादांशी एकटं बोलायला नको. तिथे उंटिणींची सौंदर्यस्पर्धा असते. मी म्हटलं, दादा कंटाळणार. कसले कंटाळतायत! पंचवीस वर्षं खिलार बैलांच्या प्रदर्शनात पंच म्हणून उभा राहिलेला माणूस. कठड्याला रेलून त्यांनी एक उंटीण नीट न्याहाळली आणि मला म्हणाले, "ओठ लोंबता पायजे, मान लांब पायजे, आन् वशिंड मागच्या अंगाला. व्हय न्हवं?" मी शेजारच्या माणसाला विचारलं. शब्दन् शब्द बरोबर होता. पहिल्या आलेल्या उंटिणीच्या मानेला मालकानं केशर फासलं, पिवळंधम्मक. दादांनी माझं मनगट दाबलं. "गुलाल!" त्या दिवशी त्यांनी "ही जत्रा कुणाची" हे विचारलंच नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो भलताच राग. मी वीस वर्षं इथे राहतो, मला उंटाच्या ओठातलं काही कळत नाही, आणि हा माणूस तीन आठवड्यांसाठी येतो आणि इथल्यांसारखा कठड्याला रेलतो. परत येताना मागच्या सीटवर ते मित्राला आमच्या जत्रेतल्या बैलांचं सांगत होते. काठीचं अवाक्षर नाही. मी मनात म्हणत होतो, विचारा ना एकदा. विचारा, मी नाही म्हणतो, सुटू दोघंही. आरशात त्यांच्याकडे बघितलं की ते खिडकीबाहेर बघायचे. म्हातारा मुद्दाम छळतोय असं वाटायला लागलं होतं मला.

जायच्या आदल्या आठवड्यात तिसरी. फुजैराला शुक्रवारी संध्याकाळी बैलांच्या टकरी होतात. समुद्राजवळ मोकळं मैदान, भोवती कुंपण, लोक गाड्या लावून टपावर बसलेले. दोन बैल शिंगाला शिंग लावून रेटतात, जो मागे हटतो तो हरतो, मग माणसं दोर ओढून त्यांना सोडवतात. रक्त नाही, काही नाही. इथे कमान नव्हती, तिकीट नव्हतं, ठोकून बघायला एक भिंत नव्हती. धूळ मात्र होती. दादांच्या धोतरावर धूळ बसली आणि त्यांनी ती झटकलीही नाही. "आता कशी जत्रा वाटतीया!" म्हणाले. या वेळी सोबत कुणी नव्हतं. मुलीची परीक्षा होती, बायको तिच्यापाशी थांबली होती, मित्राला काम निघालं. आम्ही दोघंच. आज विचारणार, मला खात्री होती.

कडेला एक अरब म्हातारा आपला काळा बैल घेऊन बसला होता. दादा सरळ त्याच्याकडे गेले. न विचारता बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंड चाचपलं, खुरांकडे वाकून बघितलं. मी धावलो, म्हटलं आता हा काहीतरी बोलणार. म्हाताऱ्यानं दादांना नीट बघून घेतलं आणि बैलाचा दोर त्यांच्या हातात दिला. इथले जुने लोक हिंदी छान बोलतात. त्यानं विचारलं, "तुम्हारा भी बैल है?"

"हाय ना. दो हाय," दादा म्हणाले. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली.

"कौन देखता है अभी?"

"भतीजा देखता."

"बेटा नहीं है?"

दादांनी दोर धरलेल्या हातानंच माझ्याकडे दाखवलं. "ये हाय ना बेटा. पण ये इधर का हाय." मी कसनुसा हसलो. तो म्हातारा "माशाल्ला" म्हणाला. मग दादा बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत, माझ्याकडे न बघता, अगदी सहज त्याला सांगायला लागले. "हमारे गाव में भगवान का बडा काठी रहता. हमारे घर का मान हाय. वो भी भतीजे कू दिया. दशहरे कू दे दिया, सब गाव के सामने. नारियल दिया हाथ में."

मी तिथेच उभा होतो, हाताच्या अंतरावर.

दसऱ्याला. म्हणजे यायच्या तीन महिने आधी! माझ्याकडे ते विचारायला आलेच नव्हते. सांगायला आले होते, आणि तीन आठवडे त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. मी आपला गर्दीत लपवतोय त्यांना, आणि ते खुशाल लपून घेतायत. शेवटी परक्या माणसाला, परक्या भाषेत, माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात सांगून मोकळे झाले.

पुढच्या टकरी काय झाल्या मला ठाऊक नाही. परतीच्या वाटेवर डोंगर संपले, दिवे लागले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मलाही हेच म्हणायचं होतं ना? नाही म्हणायचे कष्टसुद्धा वाचले. आणि तरी मी गाडी बाजूला घेतली.

"मला न विचारता दिलीत?"

दादा समोरच्या काचेकडे बघत होते. "इचारलं की," ते म्हणाले. "धा वर्सं इचारलं."

"मग तोंडावर सांगायचं होतं. फोन होता ना?"

"सांगणार हुतो. आल्याच्या दिशीच सांगणार हुतो. पण तू यवढं कवतिकानं हिंडवाय लागलास. म्हटलं, पोराचा हिरमोड कशाला." मग म्हणाले, "त्यो दरसाली असतू रं. काठी त्याच्याच कमरंला असती. मी आपला हात लावायचा मालक. किती दीस चालायचं त्ये?"

यात मी चूक काय काढणार? चुलतभाऊ भला माणूस आहे, त्यालाच मिळायला हवी होती. मी कुणावर चिडलो होतो तेच मला सांगता येईना. रडू आलं, ते दादांना दिसू नये म्हणून मी उतरून चारी टायरमधली हवा बघत बसलो. दादाही उतरले आणि टायर बघायला लागले. दोघांनी मिळून चांगल्या चार टायरांची तपासणी केली आणि घरी आलो.

दादा गावी परत गेले. फाल्गुनात या वर्षी फोन आला नाही. मग मीच साहेबाकडे गेलो आणि एप्रिलमधली चार दिवसांची रजा मागितली. म्हटलं, आता नकार ऐकू, मग निवांत बसू. साहेब स्क्रीनवरून नजरही न उचलता म्हणाला, "यल्ला, गो." एवढंच. दहा वर्षं मी जी रजा मिळत नाही म्हणून सगळ्यांना सांगत होतो, ती मी कधी मागितलीच नव्हती. दादांना मी आधी काही कळवलं नाही. का, ते विचारू नका.

देवळापुढे पोचलो तेव्हा हलगी सुरू झाली होती. गाव ओळखू येत होतं आणि येत नव्हतं. देवळाला नवी कमान झालीय, सिमेंटची, आणि माझा हात तिच्याकडे गेलाच. भरीव होती. मानकरी गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या आत उभे होते, दादा त्यांच्यात, नवी टोपी घालून. चुलतभाऊ शेला बांधत होता. मी गर्दीतून पुढे, आणखी पुढे सरकत दोरीपर्यंत आलो. लहानपणी मी या दोरीच्या आत खेळलोय, आत यायला मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. एक पाय उचलला, आणि तसाच ठेवून दिला. आत जायचं कोण म्हणून?

तेवढ्यात काठी उठली, दोऱ्या ताणल्या गेल्या, गुलालाचा ढग आला. गळ्यात बिल्ला घातलेला मंडळाचा एक तिशीतला गडी हात पसरून गर्दी मागे रेटत माझ्यापाशी आला. मी त्याला ओळखलं नाही आणि त्यानं मला. माझ्या पँटकडे, बुटांकडे बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "पाव्हणं, जरा मागं सरा. काठी येतीया."

ही काठी आमची आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते खरं आहे का, हे त्या क्षणी मला सांगता आलं नाही. मी मागे सरलो.